आठ दिवसांची मौन रिट्रीट : निर्णय घ्यायला जाणाऱ्यांसाठी परीक्षण

येशूसंघाचे (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘अध्यात्मसाधना’ या पुस्तकावर बेतलेली आठ दिवसांची रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेचा एकांतवास, येशूसंघीयांच्या आणि धर्मभगिनींच्या साधनागृहांत मिळते. फादर-सिस्टर ती नेमाने करतात. प्रापंचिक माणसे येतात ती बहुधा एखादा प्रश्न घेऊन. नोकरी सोडू का? परदेशी जाऊ का? या स्थळाला होकार देऊ का? मठात शिरू का? देवाची इच्छा शोधायला ही रिट्रीट कितपत कामाला येते, एवढेच इथे पाहिले आहे. जेवण, खोली आणि डोंगरावरची हवा यांना वेगळे गुण द्यावेत.

पहिली अडचण नोंदणीच्या वेळीच येते, कारण ‘रिट्रीट’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. प्रवचनांच्या रिट्रीटमध्ये सगळ्यांना मिळून रोज दोन-तीन प्रवचने ऐकवली जातात. करिझ्मॅटिक रिट्रीटमध्ये स्तुतिगान असते, आरोग्यासाठी प्रार्थना असतात. तिसरा प्रकार मार्गदर्शित रिट्रीटचा. तिथे प्रवचन नसते. रोज एकदा मार्गदर्शकाची एकट्याने भेट, अर्धा-पाऊण तास. निर्णयासाठी जायचे तर तिसरीच. म्हणून फोनवर दोन प्रश्न विचारावेत : भेट रोज होणार का, आणि एका मार्गदर्शकाकडे किती जण? पाच-सहांपर्यंत ठीक. दहा-बारा असतील तर भेटी उरकल्या जातात आणि पैसे फक्त शांततेचे पडतात.

दिवसाचा साचा साधा आहे. एकेका तासाच्या चार किंवा पाच प्रार्थना, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), भेट आणि बाकी मौन, जेवणाच्या टेबलावरसुद्धा. प्रार्थनेसाठी मार्गदर्शक पवित्र शास्त्रातला एक उतारा देतो. तासाच्या आरंभी तयारीची छोटी प्रार्थना, मग आज नेमके काय हवे आहे ते देवाकडे मागणे, मग उतारा, आणि शेवटी मित्राने मित्राशी बोलावे तसा प्रभूशी संवाद. तास संपला की जागा सोडायची आणि पंधरा मिनिटे वहीत टिपण करायचे.

या पंधरा मिनिटांवर सगळे उभे आहे आणि बहुतेकांचे बिनसते तेही इथेच. वहीत उताऱ्याचा अर्थ उतरवला जातो, पुढच्या रविवारी प्रवचन करायचे असल्यासारखा. मार्गदर्शकाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. लिहायचे ते असे : कुठल्या शब्दावर मन थांबले, कुठे कोरडे पडले, कुठली ओळ घाईने ओलांडली, कशाने जीव घाबरला. पुढचा तास नवा उतारा न घेता त्याच जागेवर परत जाण्यासाठी असतो. दर तासाला नवे वचन मागणारा माणूस बहुधा त्या जागेपासून पळत असतो.

हा आग्रह कुठून आला ते कळले की पद्धत समजते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी अंथरुणावर पडल्यापडल्या ते दोन तऱ्हेची स्वप्ने रंगवत : शूर सरदार होऊन एका थोर स्त्रीचे मन जिंकण्याची, आणि संतांसारखे जगण्याची. रंगवताना दोन्ही गोडच लागत. पहिले ओसरले की मन रिते होई, दुसऱ्यानंतर समाधान मागे राहत असे. देवाची इच्छा त्यांनी या मागे राहिलेल्या चवीवरून ओळखायला घेतली. म्हणून प्रार्थनेच्या तासात डोळे भरून आले याला फारसे मोल नाही. संध्याकाळी काय उरले, ते विचारावे.

प्रत्यक्ष निवडीसाठी साधनेत तीन ‘वेळा’, म्हणजे मनाच्या तीन स्थिती, सांगितल्या आहेत. पहिली, शंकेला जागाच उरत नाही अशी. प्रभू येशूने बोलावले आणि त्याचा शिष्य मत्तय जकातनाक्यावरून उठला तशी. ती मागून मिळत नाही. दुसऱ्या वेळी सांत्वन (देवाजवळ असल्याचा दिलासा) आणि शुष्कता (मनाचा कोरडेपणा) आलटून पालटून येत राहतात आणि कुठल्या पर्यायापाशी काय येते याचा माग अनेक दिवस ठेवावा लागतो. तिसरी वेळ शांत मनाची. तिथे देवाने दिलेली बुद्धी वापरायची असते, आणि व्यवहारात सर्वाधिक उपयोगी पडते ती हीच.

तिसऱ्या वेळेची एक रीत सहा पायऱ्यांची आहे. प्रश्न नेमका मांडणे. तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहणे. मन हलव, अशी देवाला विनंती करणे. मग चार रकाने : हे केले तर लाभ, हे केले तर धोके, नाही केले तर लाभ, नाही केले तर धोके. पुढे मनाच्या ओढीने नव्हे तर कारणांच्या वजनाने कौल देणे. शेवटी तो निर्णय देवापुढे ठेवून पुष्टी मागणे. लोक दोनच रकाने आखतात आणि मुद्दे मोजतात. चार का? ‘नाही केले तर’चे रकाने भरताना आहे त्या जागीच राहण्याची छुपी हौस उघडी पडते, म्हणून. शिवाय लाभ मोजायचा तो देवाची स्तुती आणि स्वतःचे तारण या मापाने. ‘पगार चांगला’ हा मुद्दा त्या मापात कसा बसतो, हे त्याच ओळीत लिहावे लागते. तिथे पेन अडते, आणि अडायलाच हवे.

दुसरी रीत कल्पनेची आहे. कधी न पाहिलेला माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल? मरणाच्या क्षणी काय निवडलेले आवडेल? न्यायाच्या दिवशी? तिन्ही उत्तरे एकच येत असतील आणि तरी मन फिरून दुसरीकडेच जात असेल, तर तेच भेटीत बोलावे.

बिघडते ते बहुधा ठरलेल्या जागी. काही जण निर्णय घरीच घेऊन येतात आणि देवाची सही मागतात. अशांसाठी साधनेत दहा हजार डुकाटांची (सोन्याच्या नाण्यांची) रक्कम मिळालेल्या तीन माणसांचा प्रसंग आहे. त्यातल्या दुसऱ्याला पैशाची आसक्ती सोडायची आहे, पण पैसा ठेवून. देवानेच आपल्याकडे यावे अशी त्याची सोय. काहींचा प्रश्नच निवडीचा नसतो. दोन्ही पर्याय चांगले असावे लागतात, आणि एकदा लागलेले लग्न पुन्हा तराजूत घालता येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कोरडेपणा आला की बॅग भरणारेही असतात. शुष्कतेत आधीचा निर्णय बदलू नये, हा नियम तिथे अक्षरशः पाळावा. उलट तास थोडा लांबवावा. उमाळ्याच्या भरात नवस बोलणेही तितकेच धोक्याचे. खरे सांत्वन देवाचे असले तरी त्याच्या उबेत सुचलेले बेत आपलेच असू शकतात.

चिन्हांची हौस तर विचारू नये. डोळे मिटून बायबल उघडायचे, बोट ठेवायचे. ‘गिदोनाची लोकर’, म्हणजे लोकर दवाने भिजवून देवाने दिलेली खूण, पुढे करणाऱ्यांनी बायबलातल्या ‘शास्ते’ या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाचावा : काय करायचे ते गिदोनाला आधीच सांगितले होते, लोकर धीर येण्यासाठी होती. यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना मत्थियासाठी चिठ्ठ्या टाकल्या त्याही दोघांना पारखून पुढे उभे केल्यावर.

मार्गदर्शकाची पारख सोपी आहे. तो उत्तर देतो का? देत असेल तर दुसरा मागावा. साधना देणाऱ्याने तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे, निर्माता आणि त्याचे लेकरू यांना आपसात बोलू द्यावे, असे इग्नेशियस यांनीच बजावले आहे. ‘देव तुला बोलावतोय’ हे वाक्य त्याच्या तोंडी शोभत नाही.

भाषेचा मुद्दा माहितीपत्रकात नसतो. भेट बऱ्याचदा इंग्रजीत होते, आणि शिकलेल्या भाषेत मनातले नको इतके नीटनेटके बाहेर पडते. वसईच्या ज्या घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, तिथल्या माणसाने निदान वही तरी आपल्या बोलीत लिहावी आणि मराठी बायबल बरोबर न्यावे. प्रॉटेस्टंट मंडळींतल्यांना या पद्धतीत अडावे असे थोडेच आहे. मिस्सेला बसता येते. कम्युनियन (मिस्सेत दिला जाणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) मात्र कॅथलिकांनाच मिळते, हे आधी ठाऊक असलेले बरे.

सगळ्यात मोठी उणीव मुदतीची. मूळ साधना सुमारे तीस दिवसांची, चार ‘आठवड्यां’त म्हणजे टप्प्यांत विभागलेली, आणि निवड येते दुसऱ्या ‘आठवड्यात’. आठ दिवसांत तिथवर पोहोचेपर्यंत सहावा दिवस उजाडतो आणि पुष्टीला वेळच उरत नाही. आयुष्याची दिशा बदलणारा प्रश्न असेल तर घरीच, नोकरी-संसार सांभाळून, रोज दीड तास देऊन महिनोन्‌महिने करायचा प्रकार उजवा. त्याची सोय इग्नेशियस यांनीच करून ठेवली आहे. तिथे निर्णयाला लोकलची गर्दी, सासर-माहेर आणि महिनाअखेर यांचा मार लगेच बसतो. जवळपास मार्गदर्शक मिळत असेल तर प्रापंचिकांनी तोच प्रकार घ्यावा. महिन्याभरात उत्तर द्यायचे असेल, प्रश्न एका वाक्यात लिहिता येत असेल आणि दोन्ही उत्तरांना मन थोडेतरी तयार असेल, तर आठ दिवसांच्या रिट्रीटला साडेतीन तारे. रजा मात्र दहा दिवसांची टाकावी, आणि परतल्यावर तीन-चार आठवड्यांनी त्याच मार्गदर्शकाची एक भेट निघण्याआधीच ठरवून घ्यावी.