‘बर्ड फ्लू किट’ म्हणून घेतलेली जाळी: चार महिने वापरून

कोंबड्या उघड्यावर सोडायच्या नाहीत असा आदेश आला आणि तिसऱ्या दिवशी मी हे किट मागवलं. आमच्याकडे चौदा कोंबड्या आणि हवालदार नावाचा एक कोंबडा. त्यांचं खुराडं आहे, पण ते रात्री बसण्यापुरतं. दिवसभर आवारात उकरत हिंडायची त्यांना सवय. चौदा जणींना त्या खुराड्यात चोवीस तास कोंडलं असतं तर आठवड्यात एकमेकींची पिसं काढली असती. खुराड्याच्या दाराला लागून, वरून झाकलेली मोकळी जागा हवी होती, आणि जाहिरातीत नेमकं तेच दाखवलं होतं.

कंपनीचं नाव घेत नाही. याच बांधणीची किटं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, तेव्हा नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते कळलेलं बरं. खोक्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, नायलॉनची जाळी, हिरवी ताडपत्री, दार, बोल्टांची पिशवी आणि ‘सोबत मोफत’ म्हणून बूट बुडवायच्या जंतुनाशकाचा ट्रे. उभं केल्यावर ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २ मीटर उंच.

आधी चांगलं सांगतो. मी नोकरीभर लेथवर काम केलंय, त्यामुळे वस्तू हातात आली की आधी आटे बघतो. आटे स्वच्छ, पाइपची टोकं घासलेली, कुठे बोट कापणार नाही. दोघांनी मिळून एका सकाळीत सांगाडा उभा केला. दोन मीटर उंची ही खरी चैन आहे. खाली अंथरलेला भुसा रोज खालीवर करायचा असतो, आणि ते काम वाकून करायला लागलं तर माणूस पाचव्या दिवशी टाळाटाळ सुरू करतो. कोपऱ्यांचे जोड मात्र प्लॅस्टिकचे. थंडीत दोन तडकले. मी लोखंडी करून बसवले. ज्याच्याकडे लेथ नाही त्याने काय करायचं, हे कंपनीला विचारायला हवं.

आता जाळी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘बर्ड फ्लूच्या नियमांप्रमाणे’. कुठल्या नियमांप्रमाणे, ते नाही. ब्रिटनमधल्या सरकारी सूचनांत जाळीचं भोक जास्तीत जास्त २५ मिलिमीटर असावं असं साफ सांगितलंय. मी तेच माप धरलं होतं. छताची जाळी मोजली, २५ भरली. बाजूची मोजायचा कंटाळा केला. एकाच खोक्यातली जाळी दोन मापांची कशाला असेल?

तिसऱ्या दिवशी सकाळी ही दारातून म्हणाली, “अहो, हवालदाराच्या ताटात चिमणी जेवतेय.”

बघतो तर खरंच. एक ताटात, दोन पाण्यावर. व्हर्नियर लावला: बाजूचं भोक ५०. फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा म्हणाला, “काका, चिमणीने बर्ड फ्लू होत नाही.” त्याचं अर्धं बरोबर आहे. हा विषाणू मुख्यतः पाणपक्ष्यांचा: रानबदकं, हंस, कुरव. त्यातली बदकं तर कितीदा आजारी न दिसताच तो घेऊन फिरतात. पण चिमणी तळ्याकाठच्या चिखलात उतरते आणि त्याच पायांनी माझ्या कोंबड्यांच्या दाण्यात उभी राहते. तिला स्वतःला काही व्हायची गरजच नाही. हे मी त्याला सांगितलं. त्यावर “तुमची तक्रार नोंदवून घेतो.” बाजूची बारीक जाळी नवव्या दिवशी आली, फुकट आली, एवढं श्रेय देतो. ते नऊ दिवस मी जुनी शेडनेट दुहेरी करून बांधली होती.

छप्पर ही या किटची सगळ्यात मोठी खोट. ताडपत्री ४ मीटरची आणि सांगाडा ६ चा. उरलेल्या २ मीटरवर नुसती जाळी. माहितीपत्रकात याला ‘हवेशीर भाग’ म्हटलंय! जाळीतून पक्षी आत येत नाही, त्याची शीट येते. आमच्यापासून तीनशे पावलांवर तळं आहे. थंडीत तिथे रानबदकं उतरतात आणि संध्याकाळी बरोबर आमच्या डोक्यावरून जातात. ऊन आणि कोरडेपणा या विषाणूला लवकर संपवतो, पण थंड ओल्या विष्ठेत तो कित्येक दिवस टिकतो, गार पाण्यात आठवडे. आणि ‘हवेशीर भाग’ नेमका तोच, जिथे पाऊस पडून भुसा कायम ओला.

ताडपत्री होती तिथेही सुख नव्हतं. दोन पाइपांमधलं अंतर जास्त, त्यामुळे मध्ये झोळ. पहिल्या पावसानंतर झोळात बादलीभर पाणी साचलं आणि दुपारी त्या डबक्यात दोन कावळे अंघोळ करत होते. पाखरांना लांब ठेवायला आणलेल्या वस्तूने त्यांच्यासाठी छतावर पाणवठा करून दिला होता. शेवटी मधून एक आडवा पाइप टाकून उतार काढला. उघड्या २ मीटरवर फायबरचे पारदर्शक पत्रे बसवले, खाली वेगळे खांब दिले (किटचा सांगाडा पत्र्याचं वजन घेत नाही, तो प्रयोग करू नका), आणि पन्हाळीचं पाणी थेट बाहेर सोडलं. पत्रे पारदर्शक घेतले ते उजेडासाठी. हिरव्या ताडपत्रीखाली भरदुपारी कातरवेळ वाटायची. अंडी कमी झाली होती. दिवस लहान झाल्यामुळे की त्या अंधारामुळे, देव जाणे.

एक चूक माझी. कडाक्याची थंडी पडली तेव्हा दया येऊन मी तिन्ही बाजूंना प्लॅस्टिक गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी आत गेलो तर मला काही विशेष वास आला नाही. भुसा हलवायला उकिडवा बसलो आणि डोळे चुरचुरले. अमोनिया, विष्ठेतून सुटणारा. कोंबडी राहते त्या उंचीवर नाक नेल्याशिवाय तो कळत नाही. वरची हातभर पट्टी सगळीकडून मोकळी केली. तेव्हापासून रोज सकाळी एकदा उकिडवा बसतो. गुडघ्यांनाही व्यायाम.

पत्रक बारा पानांचं आहे. अकरा पानं बोल्टांची, एक हमीचं. आत कोंबडी असणार आहे याचा उल्लेख चित्रापुरता. दुसऱ्या आठवड्यात ठिपकी नावाच्या कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी पिसं गेलेली दिसली, आणि संध्याकाळपर्यंत तिथे रक्त. रक्त दिसलं की बाकीच्यांना आवरत नाही, सगळ्या तिथेच टोचतात. ठिपकीला डालग्याखाली ठेवली, पण त्याच आवारात, सगळ्यांच्या नजरेसमोर. अगदी वेगळी नेली असती तर परत सोडताना नवखी समजून मारलं असतं. चार दिवसांत जखम भरली.

पण मूळ दुखणं कंटाळ्याचं होतं. दिवसभर उकरणाऱ्या जनावराला रिकामी खोली दिली तर ते शेजारणीला उकरतं. मग धुळीत लोळायला एक जुना टायर आणला, त्यात कोरडी माती, वाळू आणि चाळलेली राख भरली. वाळूही छपराखालची, बाहेर भिजलेली नको. कोबीचा गड्डा सुतळीने टांगला, चोचीपेक्षा वीतभर उंच, म्हणजे उडी मारावी लागते. दाणा ताटात कमी आणि भुशात जास्त, शोधत बसा म्हटलं. आडवे दोन बांबू बसायला. यातलं काहीच किटमध्ये नव्हतं आणि टोचाटोची थांबली ती याच गोष्टींनी. टायरमध्ये एकावेळी तिघी मावतात. बाकीच्या रांग लावून उभ्या आणि हवालदार रांगेची शिस्त बघतोय, हे दृश्य पैसे देऊन बघण्यासारखं होतं.

मोफत ट्रेबद्दल: चार बोटं खोल, माझा गमबूट त्यात बसत नाही, पावसाने भरून जंतुनाशकाचं नुसतं पाणी होतं. शिवाय चिखलाचा बूट बुडवून उपयोग नसतो. घाण लागलेली असली की औषध तिच्यातच खर्ची पडतं, आधी ब्रशने बूट धुवावा लागतो. मी झाकणाचं घमेलं ठेवलंय, आणि आतल्यासाठी बुटांचा वेगळा जोड, जो दाराबाहेर कधीच येत नाही.

दहाव्या आठवड्यात लंगडी नावाची कोंबडी मेलेली सापडली. आदल्या संध्याकाळी नीट खात होती. तुरा निळसर वाटला, बर्ड फ्लूत पडतो तसा; मेलेल्या कोंबडीचा वाटतोच, पण त्या वेळी हे सुचत नाही. तिला हात लावला नाही, पुरलं नाही, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं. डॉक्टर आल्या, अंगभर सूट घालून. नमुना घेता घेता त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. वरून पूर्ण झाकलंय का? पाणी कुठलं देता? लहान पाखरं आत येतात का? मी उत्तरं देत होतो आणि मनात किटचं ते खोकं दिसत होतं. तेराही कोंबड्या दोन दिवस व्यवस्थित खात होत्या, तरी आम्हा दोघांचं जेवणात लक्ष नव्हतं. लागण निघाली असती तर सगळा कळप मारावा लागतो, एकही ठेवत नाहीत. नमुना निगेटिव्ह आला. अंडं पोटात अडकून गेली होती बिचारी.

आमच्याकडचा आदेश चार महिन्यांनी उठला. “पंधरा दिवसांचा प्रश्न आहे” म्हणून दोऱ्या-काठ्यांवर भागवणारे बरेच दिसतात, त्यांच्यासाठी सांगतो: ब्रिटनमध्ये २९ नोव्हेंबर २०२१ ला पक्षी आत घ्यायला लावले ते २ मे २०२२ ला बाहेर सोडू दिले, आणि पुढच्याच नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये परत आत. त्यामुळे मी सांगाडा काढलेला नाही, दार फक्त उघडं ठेवलंय.

पाचातले अडीच तारे. दोन सांगाड्याचे, अर्धा फुकट पाठवलेल्या जाळीचा. घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी फोन करून चारही बाजूंच्या जाळीचं माप आणि ताडपत्रीची लांबी मिलिमीटरमध्ये विचारा, आणि उत्तर लेखी मागा. मला त्यांनी बदली ताडपत्री देऊ केली होती. ४ मीटरचीच.