एक पैसाही न भरता केलेला सीएस५०, माझा अनुभव सविस्तर

खूप दिवस लिहायचं होतं, आज बसले एकदाची. हार्वर्ड युनिव्हर्सिटीचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन कोर्स मी पूर्ण केला, फुकटात, आणि ज्यांच्या घरी सध्या पुढची फी कशी भरायची यावर रात्र रात्र बोलणं चाललंय त्यांनी तरी हे शेवटपर्यंत वाचा.

माझी कॉमर्सची डिग्री. नोकरी लागली ती डेटा एन्ट्रीची. मग एका क्लासची ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची जाहिरात बघून ॲडमिशन घेतली (नाव घेत नाही), घरच्यांनी कर्ज काढून फी भरली आणि तिथे सहा महिने नुसत्या स्लाइड वाचून दाखवल्या. सर्टिफिकेट मिळालं, पण साधा दहा ओळींचा प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने लिहिता येत नव्हता. घरी हे सांगायची हिंमत नव्हती माझी. त्या कर्जाचे हप्ते चालू असतानाच सीएस५० कळला, त्यामुळे आधी विश्वासच बसेना, म्हटलं दोन-तीन धडे झाले की पैसे मागतीलच. शेवटपर्यंत मागितले नाहीत.

कोर्स एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर २०१२ पासून आहे, शिवाय त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनही करता येतो. लेक्चर, नोट्स, असाइनमेंट, तपासणी, शेवटी सीएस५०चं सर्टिफिकेट, सगळं मोफत. एडएक्सचं व्हेरिफाइड सर्टिफिकेट पाहिजे असेल तर त्याला मात्र पैसे पडतात, मी घेतलं नाही आणि माझं कुठे अडलं पण नाही.

शिकवतात हार्वर्डचे प्राध्यापक डेव्हिड मलान. पहिल्याच लेक्चरला एक नाव शोधण्यासाठी टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडून दाखवतात, अर्धी टाकली, उरलेल्यातली परत अर्धी टाकली, आणि बायनरी सर्च, म्हणजे दरवेळी निम्मं वगळत शोधायची पद्धत, तिथल्या तिथे डोक्यात बसते. माझा लॅपटॉप जुना, चार टॅब उघडले की गरम होतो, पण इथे काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ब्राउझरमध्येच कोड लिहायचा. ज्याच्याकडे भारी मशीन नाही त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याचं त्यालाच कळेल! कोड लिहून झाला की चेक५० नावाची कमांड चालवायची, बरोबर असेल तिथे हिरवा हसरा चेहरा येतो आणि चुकलं तिथे लाल रडका.

खरं शिक्षण आहे ते असाइनमेंटमध्ये. चौथ्या आठवड्यातली ‘रिकव्हर’ मी विसरूच शकत नाही. एका मेमरी कार्डवरचे फोटो डिलीट झालेत, ते परत काढायचे. जेपेग म्हणजे फोटोच्या फाइलचे पहिले तीन बाइट (बाइट म्हणजे माहितीचा छोटा घटक) कायम ठरलेले असतात, म्हणून कार्ड ५१२-५१२ बाइटच्या तुकड्यांत वाचत जायचं आणि ती खूण दिसली की समजायचं इथून नवा फोटो. माझ्या ५० फाइल बरोबर तयार झाल्या पण एकही फोटो उघडेना. तीन रात्री गेल्या. शेवटी वहीवर पेन्सिलने चौकोन काढून एकेक तुकडा कुठे जातोय ते लिहीत बसले तेव्हा दिसलं की मी प्रत्येक फोटोचा फक्त पहिलाच तुकडा लिहीत होते, पुढचे सगळे वाऱ्यावर. दुरुस्त केलं आणि पहिला फोटो अख्खा उघडला तेव्हा रडू आलं मला, खोटं नाही सांगत.

पुढे एका इंटरव्ह्यूमध्ये विचारलं की अडलात तर काय करता, तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली, चौकोन काढूनसुद्धा दाखवले. सर्टिफिकेट कुणी मागितलंच नाही. शेवटच्या प्रोजेक्टमध्ये कुणी कुठलं पुस्तक नेलंय याची नोंद ठेवणारी साइट केली होती ती मात्र त्यांनी उघडून बघितली, बारीक बारीक प्रश्न विचारले. आता टेस्टिंगच्या टीममध्ये आहे.

आता जे मिळत नाही तेही सांगते. या फुकटच्या मार्गाने डिग्री नाही, क्रेडिट नाही, प्लेसमेंट नाही, त्यामुळे जिथे अर्जातच डिग्रीची अट आहे तिथे हा कोर्स दार उघडून देणार नाही. लेक्चर इंग्रजीत, मी सबटायटल लावून, स्पीड कमी करून बघायचे. आणि रात्री अकराला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारी गोष्ट) कळत नाही म्हणून डोकं धरून बसलेलो असताना शेजारी कुणीतरी लागतं हो! एआयचं एक बदक, म्हणजे प्रश्न विचारायचा चॅटबॉट, दिलंय त्यांनी, ते आयतं उत्तर न देता उलट प्रश्न विचारतं, उपयोग होतो त्याचा, पण माणूस तो माणूस. कॉलेजची फी आपण खरं तर या सोबतीसाठी भरतो असं मला आता वाटतं, आणि मी ज्या क्लासला पैसे भरले तिथे तीसुद्धा मिळाली नव्हती. म्हणून पाचपैकी साडेचार, अर्धा फक्त या एकटेपणाचा.

वेळेचं म्हणाल तर दहा-अकरा आठवड्यांचा अभ्यास आहे, मला नोकरी सांभाळून अकरा महिने लागले. वर्ष संपलं तरी केलेलं काम पुढच्या वर्षीच्या कोर्सला धरतात, त्यामुळे मध्येच सुटला असेल तर परत पहिल्यापासून नको. माझी धाकटी बहीण सध्या तिसऱ्या आठवड्यावर आहे, आम्ही रविवारी एकत्र बसतो, ती कोड लिहिते आणि मी फक्त विचारत राहते की आता या ओळीला काय होईल सांग.