सेल सॉर्टिंगची सेवा: चार तारे, पाचवा बिलाने खाल्ला

माझी पीएचडी पुण्यात चालू आहे, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं कापूस वेचणीत आलं, म्हणून महिनाभर आर्वी तालुक्यात आमच्या गावी होते. सेल सॉर्टर, म्हणजे पेशी एकेक तपासून वेगळ्या काढणारं मशीन, त्याची तारीख सोडवत नव्हती. नमुने मैत्रिणीने नेले, मी व्हिडिओ कॉलवर. घरात रेंज नाही, तेव्हा स्लॅबवर पाण्याच्या टाकीला टेकून बसले.

नमुना म्हणजे झिका विषाणूची लागण केलेले मेंदूचे ऑर्गनॉइड, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले मेंदूच्या पेशींचे गोळे, एकेक ज्वारीच्या दाण्याएवढा. पपेन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने 37 अंशांवर पेशी सुट्या केल्या, 40 मायक्रॉनच्या जाळीतून गाळल्या, बर्फात ठेवल्या. विषाणूत हिरव्या चमकीचं जनुक घातलेलं, त्यामुळे बाधित पेशी हिरवी दिसते. गोची अशी की मेलेली पेशीही थोडी हिरवट चमकते.

ऑपरेटर दादाला हे सांगावं लागलं नाही. "ताई, आधी लागण न केलेला नमुना लावतो," म्हणाला, आणि त्याच्यावरून हिरव्याची सीमा ठरवली. मेलेल्या पेशी रंगाने वेगळ्या काढल्या. नॉझल 100 मायक्रॉनचं, दाब कमी; चेतापेशींना घाई सोसत नाही. मशीन थेंब उडवतं आणि विषाणू जिवंत, म्हणून ते सेफ्टी कॅबिनेटमध्ये आहे. परवानगीचे कागद आठवडाभर आधी मागितले होते, तेही बरोबरच.

तेवढ्यात आई काठी टेकत जिन्याखाली आली.
"काय निवडून राह्यली वं?"
"पेशी."
"अन् खडे?"
"मेलेल्या."
"मंग चष्मा लाव ना!"

चष्मा खरंच लागला. गोळा केलेल्यातला थेंबभर परत मशीनमधून काढला तर शुद्धता 81 टक्केच. मी आलेख पुन्हा मागवला. जोड्या पूर्ण वगळल्याच नव्हत्या: एक हिरवी आणि तिला चिकटलेली एक साधी, दोघी मिळून हिरव्यांत जमा. दादाने चूक लगेच मान्य केली, आलेखावरची निवडीची चौकट आवळली, दुसऱ्या फेरीत 96. आरएनए चांगला निघाला.

आता बिल. तासावर दर आहे, त्यात मशीन धुण्याचा अर्धा तास आपल्याच माथी. वरून त्यांच्या चुकीची दुसरी फेरीही लावली! दोनदा मेल केला, उत्तर नाही.

जाणार असाल तर गोळा करायच्या ट्यूब आदल्या रात्री बीएसए या प्रथिनाच्या द्रावणाने आतून ओल्या करून न्या. त्यांच्याकडच्या कोरड्या असतात, पेशी काठाला चिकटून बसतात.