गच्चीवर केमिकल मारून घेताय? आधी हे वाचा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये चांगलाच गंडा बसला. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, पद्धत लिहितो.

गडी ओल मोजायचं दोन टोकांचं मीटर घेऊन आला. वरच्या मजल्यावर छताला जिथे पांढरा खार फुटलाय, नेमकं तिथेच टोचलं. आकडा चढला. "काका, स्लॅब पाण्यानं भरलाय." क्षार असले की ते मीटर तसंही चढतं, हे कोण सांगणार? मग गच्चीच्या कोपऱ्यात केमिकल मारून वर तांब्याभर पाणी ओतलं. अळवावरून घरंगळावं तसं ते घरंगळलं. कमिटी खूश, निम्मी रक्कम आगाऊ.

प्रयोग खोटा नव्हता. ते केमिकल, म्हणजे सिलेन-सिलॉक्झेन, काँक्रीटमध्ये काही मिलिमीटर शिरतं, छिद्रांना पाणी धरू देत नाही, पण छिद्रं बुजवतही नाही. उभ्या भिंतीवरच्या पावसाला ठीक. साचलेल्या पाण्याला आणि भेगांना त्याचा उपयोग नाही.

आणि प्रत्यक्षात मारलं ते तेही नव्हतंच! पांढरा रबरी कोट होता, तोही ड्रममध्ये बादल्यांनी पाणी वाढवून. वर अवकाळी पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. स्लॅबचा वरचा थर आधीच सगळ्यात सच्छिद्र असतो: ओतताना पाणी वर येतं, गवंडी त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटतो, भिजवणंही धड होत नाही. असा थर पाणी भराभर पितो, सुकतो मात्र वाफेवाटे, सावकाश. वरून झाकण बसल्यावर वाफ जाणार कुठे? मेच्या उन्हात पुरीएवढे फुगे आले. एक किल्लीनं फोडला तर आतून गढूळ पाणी.

ठेकेदार म्हणतो, गॅरंटी मटेरियलची आहे, कामाची नाही.

तुम्ही काम काढाल तेव्हा 45 सेंटिमीटर चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवून 16 तास ठेवा. खाली दव किंवा काळपट डाग दिसला तर कोट मारू देऊ नका. ड्रम सीलबंद आहेत ना ते बघून लेबलांचे फोटो काढा. वाटा (गच्ची आणि कठडा मिळतात तिथला सिमेंटचा गोलावा) आणि पाइपांभोवतीची जागा करारात वेगळी लिहून घ्या, बहुतेक गळती तिथूनच होते. काम झाल्यावर गच्चीत 48 तास पाणी भरून ठेवा, आणि शेवटचा हप्ता पावसाळा संपल्यावरच द्या.

आम्ही उरलेले पैसे अडवलेत. त्याच्या वकिलाची नोटीस आलीय. उत्तरासोबत फुग्यांचे आणि ड्रमचे फोटो जोडलेत.