दोष दाखवणारा स्विच आणि दोष लपवणारा अ‍ॅरे
आमच्या व्हिडिओ संकलन कक्षातील तीन संगणकांसाठी १० गिगाबिटचा एक मॅनेज्ड स्विच (संगणकांना जोडणारे, ज्याचे आकडे पाहता येतात असे नेटवर्क उपकरण) आणि रेड ६ पद्धतीने (दोन डिस्क बिघडल्या तरी मजकूर टिकेल अशा रचनेने) बांधलेला आठ हार्ड डिस्कचा स्टोरेज अ‍ॅरे मी वर्षभर वापरत आहे. खोक्यावर छापलेला वेग दोन्ही उपकरणे गाठतात, त्यामुळे त्याबद्दल फारसे लिहिण्याजोगे नाही. ऐन कामात बिघाड झाला तर त्याचे मूळ किती लवकर सापडते, या निकषावर मात्र दोघांत मोठा फरक आढळला आणि हे परीक्षण त्याच फरकाविषयी आहे.

आधी भाराचा अंदाज सांगते. ३८४० बाय २१६० आकाराच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रोरेस ४२२ एचक्यू (संकलनासाठी वापरले जाणारे व्हिडिओचे स्वरूप) फुटेजला सेकंदाला सुमारे ७३७ मेगाबिट, म्हणजे ९२ मेगाबाइट लागतात. चार कॅमेऱ्यांची टाइमलाइन तीन संकलकांनी एकाच वेळी चालवली, तर मागणी ११०० मेगाबाइटवर जाते आणि १० गिगाबिटची एक वायर जवळपास भरते. अ‍ॅरेपासून स्विचपर्यंत दोन वायरी एकत्र बांधल्या, तरी एका संकलकाचा प्रवाह त्यांपैकी एकाच वायरीतून जातो, त्यामुळे त्याचा वेग दुप्पट होत नाही. ही अपेक्षा ठेवून खरेदी करणाऱ्यांची निराशा होते, म्हणून हे आधीच नमूद करणे मला आवश्यक वाटते.

पहिला बिघाड एकाच संगणकावर झाला. फुटेज लिहिताना काही अडचण नव्हती, पण टाइमलाइन चालवली की चित्राच्या फ्रेम गळत आणि साहजिकच सर्वांनी अ‍ॅरेला दोष दिला. नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या आयपर्फ ३ ने दोन्ही दिशा स्वतंत्रपणे तपासल्या, तेव्हा संगणकाकडून जाणारा प्रवाह ९.४ गिगाबिटचा निघाला (एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, १५०० बाइट असताना याहून अधिक मिळत नाही), तर येणारा प्रवाह त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हता. या चाचणीत डिस्कचा संबंध येत नाही, त्यामुळे अ‍ॅरे तिथेच निर्दोष ठरला. स्विचच्या पोर्टवरील सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या नेटवर्क फ्रेमचा (पाकिटांचा), आकडा शून्य होता, आणि तो पाहून मी काही काळ चुकीच्या दिशेने शोधत राहिले. सीआरसीची चूक फ्रेम स्वीकारणाऱ्या बाजूला मोजली जाते, हे लक्षात आल्यावर संगणकाच्या नेटवर्क कार्डाचे आकडे उघडले आणि ते डोळ्यांदेखत वाढत होते. रॅकमागे तीव्र कोनात दुमडलेली कॅट ६ वायर काढून कॅट ६ए लावताच वाढ थांबली.

या शोधात स्विचने दिलेली साथ मला फार मोलाची वाटते. प्रत्येक पोर्टवरील चुका, गळालेल्या फ्रेम आणि पॉझ फ्रेम (समोरच्याला क्षणभर थांबायला सांगणारे संदेश) यांचे आकडे वेगवेगळे दिसतात, ते शून्यावर आणून नव्याने मोजता येतात, आणि एसएफपी प्लस मॉड्यूलचे (पोर्टमध्ये बसवायच्या जोडणीच्या भागाचे) तापमानही कळते. तांब्याच्या वायरीची १० गिगाबिट मॉड्यूले बरीच तापतात, त्यामुळे ही शेवटची सोय खरोखर उपयोगाची आहे. उणीव जंबो फ्रेमच्या, म्हणजे १५०० ऐवजी सुमारे ९००० बाइटच्या मोठ्या फ्रेमच्या, मांडणीत आहे. अ‍ॅरेच्या पानावर ९००० लिहायचे आणि स्विचवर शीर्षभाग धरून ९२१६, हा भेद माहितीपुस्तिकेत कुठेही स्पष्ट केलेला नाही. दोन्ही टोकांना ९००० ठेवून मधला स्विच १५०० वर राहिला, तर साधे पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) जाते, फोल्डरही उघडते, परंतु मोठी फाइल नेताना सगळे थिजते. म्हणून विखंडन (पाकिटाचे तुकडे करणे) बंद ठेवून ८९७२ बाइटचे पिंग पाठवून पाहणे हाच यावरचा खात्रीचा मार्ग आहे.

अ‍ॅरेच्या बाबतीत अनुभव उलटा आला. एके दिवशी सर्व संगणकांवरून लिहिण्याचा वेग कोसळला, वाचन मात्र सुरळीत होते. आठही डिस्क हिरव्या दिसत होत्या, स्मार्टच्या (डिस्कच्या प्रकृतीच्या) नोंदी स्वच्छ होत्या आणि इशाऱ्याचा दिवाही पेटलेला नव्हता. डिस्कचा संच चालवणाऱ्या रेड कंट्रोलरची बॅटरी निकामी झाल्यामुळे त्याने राइट कॅश (लिहायचा मजकूर आधी ठेवण्याची वेगवान स्मृती) बंद करून राइट थ्रू पद्धत (थेट डिस्कवर लिहिणे) स्वीकारली होती. वीज गेल्यास कॅशमधील मजकूर नष्ट होऊ नये म्हणून कंट्रोलरने असे वागणे योग्यच आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती ही बातमी शेकडो किरकोळ नोंदींच्या यादीत एका ओळीत पुरून टाकल्याची. डिस्क खराब झाली तर ईमेल येतो, बॅटरी गेली तर येत नाही. ज्यांच्या हातात दुसऱ्या दिवशी द्यायचे काम असते, त्यांच्या दृष्टीने ही गंभीर त्रुटी आहे.

हा स्विच मी निःसंकोच पुन्हा घेईन. अ‍ॅरे मात्र बॅटरीच्या इशाऱ्याची सोय फर्मवेअरमध्ये येईपर्यंत कोणाला सुचवणार नाही, आणि तोपर्यंत दर सोमवारी कंट्रोलरच्या पानावर ‘राइट बॅक’ (राइट कॅश चालू असल्याची खूण) हे शब्द स्वतः वाचूनच मी काम सुरू करते.