ब्लेड रनर (फायनल कट) : आमच्यात दोन पार्ट्या झाल्या, माझं मत सांगतो

ब्लेड रनर बघून उठलेल्या चार माणसांत एकमत होत नाही, आणि हे काय आजचं नाही, १९८२ पासूनचं आहे. जूनमध्ये पिक्चर लागला तेव्हा त्याच्या दोन आठवडे आधीच ई.टी. थेटरात येऊन बसलेला, लोकांना तो गोड परग्रहावरचा पाहुणा हवा होता, आणि हॅरिसन फोर्ड म्हटल्यावर पळापळ मारामारी हवी होती, मिळालं काय तर अंधार, पाऊस आणि दारू पिऊन गप्प बसणारा हिरो. पडला पिक्चर. आणि अकरा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच अमेरिकेनं त्याला नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत म्हणजे देशानं जपून ठेवायच्या पिक्चरांच्या यादीत घातलं.

आम्ही अनगोळला दोस्ताच्या घरी भिंतीवर प्रोजेक्टर लावून बघितला. बाहेर बेळगावचा जुलैचा पाऊस आणि भिंतीवर लॉस एंजेलिसचा पाऊस, कुठला आवाज कुठला हे काही वेळ कळेना. मंडळी मिक्स होती, दोस्त, माझी मावसबहीण जी इंजिनिअरिंगला आहे, शेजारचे रिटायर्ड मास्तर, आणि दोस्ताचे मामा ज्यांचं सगळं आयुष्य उद्यमबागच्या फाउंड्रीत गेलं. पिक्चर संपला आणि जे भांडण सुरू झालं ते चिरमुरे संपले तरी संपेना.

मास्तरांचं म्हणणं की ह्यात गोष्टच नाही. एक पोलीस, चार-पाच पळून आलेली बनावट माणसं, म्हणजे कंपनीनं बनवलेली, हुबेहूब माणसासारखी, त्यांना शोधायचं आणि मारायचं, बास, आणि तेवढ्यासाठी दोन तास. दोस्ताचं म्हणणं की गोष्ट कशाला पाहिजे, ते शहर बघा की. खरं सांगायचं तर मोठमोठ्या समीक्षकांचं पण हेच झालेलं. रॉजर ईबर्टनं १९८२ मध्ये दृश्यांचं भरपूर कौतुक केलं खरं गोष्ट कमी पडते म्हणून लिहिलं, आणि २००७ मध्ये स्वतःच त्याला आपल्या महान चित्रपटांच्या यादीत घेतलं. म्हणजे मास्तर एकटे नाहीत. स्लो आहे हे मला पण मान्य आहे, खरं बोअर नाही, आणि ह्या दोन्हीत फरक आहे.

पहिलं एक क्लिअर करतो, कारण निम्मी भांडणं ह्यामुळंच होतात. ह्या पिक्चरची एकापेक्षा जास्त व्हर्जन आहेत आणि माणसं वेगवेगळं व्हर्जन बघून एकमेकांशी वाद घालायलेत. १९८२ ला डेनव्हर आणि डॅलसमध्ये आधी लोकांना दाखवून बघितला, लोकांना कळेना झाला, मग घाबरून फोर्डच्या आवाजात सगळं समजावून सांगणारी कॉमेंट्री घातली आणि शेवटी हिरो-हिरोईन गाडीतून हिरव्या डोंगरातून निघून जातात असा गोड शेवट चिकटवला, त्यातली डोंगराची दृश्यं तर द शायनिंगची उरलेली रिळं होती. १९९२ च्या डायरेक्टर्स कटमध्ये कॉमेंट्री गेली, गोड शेवट गेला, आणि हिरोला पांढरा एकशिंगी घोडा दिसतो ते स्वप्न आलं. २००७ चा फायनल कट म्हणजे दिग्दर्शक रिडली स्कॉटला पाहिजे तसा, पूर्ण त्याच्या हातचा. बघायचा असेल तर हाच बघा, नावापुढे फायनल कट लिहिलंय का ते बघून मगच सुरू करा. मास्तरांनी पूर्वी कधीतरी कॉमेंट्रीवाला बघितलेला आणि त्यांच्या डोक्यात तोच बसलाय.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. मी लग्नाचं शूटिंग करतो, लाईट लावणं हे माझं रोजचं काम, म्हणून मला हा पिक्चर बघताना आधी लाईटच दिसतो. कॅमेरामन जॉर्डन क्रोनेनवेथ. खोलीत धूर सोडलाय आणि खिडकीच्या बाहेरून जोरदार लाईट फिरवत आत टाकलाय, त्यामुळं लाईटचे पट्टे हवेत उभे दिसतात, माणूस त्यातून चालला की क्षणभर चेहरा दिसतो आणि परत काळा होतो. आम्हाला कस्टमर सांगतात चेहरा लख्ख दिसला पाहिजे, इथं हिरोचा चेहरा अर्धा वेळ दिसतच नाही आणि तरी नजर हटत नाही. आणि बनावट माणसांच्या डोळ्यांत अधूनमधून जी लालसर चमक येते ना, ती कॉम्प्युटरवर केलेली नाही, लेन्सच्या पुढं ४५ अंशात अर्धी आरशासारखी काच लावून तिच्यावरून बारीक लाईट थेट बुबुळात टाकलाय. ही बनावट माणसं बनवणाऱ्या कंपनीचा मालक टायरेल, त्याच्या ऑफिसातल्या घुबडाचे डोळे पण असेच चमकतात. हे माहीत नसताना बघितलं तरी काहीतरी खटकतं, समोरचा माणूस आहे की नाही असं वाटत राहतं, आणि पिक्चरचा सगळा प्रश्न तोच आहे.

फोटोचा सीन सगळ्यात जास्त शिव्या खातो, त्याबद्दल बोलायलाच पाहिजे. डेकार्डला, म्हणजे आपल्या पोलीस हिरोला, एका बनावट माणसाच्या खोलीत साधा कागदावरचा फोटो मिळतो. घरी येऊन तो मशीनमध्ये घालतो आणि सोफ्यावर बसून तोंडानं ऑर्डर देत राहतो, डावीकडे, मागे, मोठा कर, थांब. मशीन खटखट करत पुढं सरकतं. फोटोत मागच्या खोलीत गोल आरसा आहे, त्या आरशात तो शिरतो, कोपऱ्याच्या पलीकडं वळतो आणि तिथं झोपलेली बाई सापडते. दोस्त ओरडला की असं होतच नाही, फोटोत जे नाहीच ते कसं दिसणार. बरोबर आहे, नाही होत. खरं मला हा सीन जीव लावून बघावासा वाटतो, कारण एक माणूस एका फोटोला इतका वेळ देतोय हे हल्ली कुठं बघायला मिळतं, आम्ही हजार फोटो काढून देतो, अल्बम पंधरा मिनिटांत चाळून कपाटात जातो. आणि ह्या बनावट माणसांना तर फोटोच सगळं असतं, त्यांना बालपण नाही, आई नाही, कुणाचा तरी फोटो जवळ ठेवून तेच आपलं म्हणायचं.

रस्त्यावरची भाषा कळत नाही ही पण एक तक्रार असते. गॅफ नावाचा पोलीस असलं काहीतरी बोलतो की त्यात जपानी, स्पॅनिश, जर्मन, हंगेरियन सगळं मिसळलंय, एडवर्ड जेम्स ओल्मोसनं ते स्वतः मेहनत घेऊन तयार केलेलं. आमच्यात कुणालाच ह्याचं काही वाटलं नाही. गणपत गल्लीत भाजी घ्यायला उभं राहिलं तर मावशी एका गिऱ्हाईकाला कन्नडमध्ये भाव सांगते, दुसऱ्याला मराठीत, तिसऱ्याशी दखनीत घासाघीस करते, आणि पैसे मोजताना तिन्ही एका वाक्यात येतात. त्या नूडल्सच्या गाड्यावर डेकार्ड चार मागतो आणि म्हातारा दोन पुरे म्हणतो, दोघं आपापल्या भाषेत, भांडण पण होतं आणि जेवण पण मिळतं. आमचा कन्नड बोलणारा दोस्त म्हणाला हे तर आपलं मार्केटच आहे, फक्त वरून गाड्या उडायलेत.

आता ज्याच्यावर खरं भांडण झालं ते. डेकार्ड आणि रेचल, म्हणजे हिरोईन, जी स्वतः बनावट आहे, ह्यांचा त्याच्या घरातला सीन. ती निघून जायला दाराकडं जाते, तो दार आपटून बंद करतो, तिला खिडकीच्या पडद्यांवर ढकलतो, आणि काय बोलायचं ते तिला सांगतो आणि तिच्याकडून म्हणवून घेतो. बहीण सरळ म्हणाली, "दादा, हे प्रेम म्हणून दाखवायलेत काय? मागं सॅक्सोफोन लावला म्हणून प्रेम होतं काय?" दोस्त म्हणायला लागला की ती बनावट आहे, तिच्या भावना तिच्या आहेत की नाहीत हे तिलाच माहीत नाही म्हणून तसं दाखवलंय. मला हे पटत नाही. असं दाखवायचं असतं तर कॅमेरा तिच्याकडून उभा राहिला असता. तो सीन डेकार्डच्या बाजूनं आहे, संगीत त्याच्या बाजूनं आहे, पिक्चरला तो रोमँटिक वाटतो. व्हँजेलिसचं संगीत एरवी मी रात्री एडिटिंग करताना लावून ठेवतो, खरं तेवढा तुकडा आला की आता नको वाटतं. पिक्चर मोठा आहे म्हणून हा सीन माफ करायचा असं मी म्हणणार नाही. बहिणीनं तिथंच पिक्चरला नापास केलं आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

आणि मामा. मामा दोन तास काही बोलले नव्हते, आम्हाला वाटलं झोपले. डेकार्ड स्वतः माणूस आहे की बनावट ह्याच्यावर आम्ही सगळे तुटून पडलेलो, फोर्ड पूर्वी म्हणायचा माणूस, स्कॉट म्हणतो बनावट, शेवटच्या कागदाच्या एकशिंगी घोड्याचा अर्थ काय वगैरे वगैरे, आणि मामा म्हणाले, "अरे त्या डेकार्डचं काय घेऊन बसलायसा. त्या पोरांचं बघा की. पृथ्वीबाहेर नेऊन मरणाचं काम करून घेतलं, आयुष्य चारच वर्षाचं ठेवलं, आणि मालकाला विचारायला परत आली तर गोळी. आणि मालक वर पिरॅमिडात बसून बुद्धिबळ खेळतोय."

मला वाटतं पिक्चर एवढाच आहे आणि तो मामांना पहिल्या फटक्यात कळला. पिक्चरमध्ये रॉयची, म्हणजे त्या बनावट पोरांच्या म्होरक्याची, तारीख येते, ८ जानेवारी २०१६ ला बनवलेला, आणि गोष्ट घडते नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे त्याच्याकडं आता काहीच शिल्लक नाही. शेवटच्या मारामारीत त्याचा हात मरायला लागतो, बोटं आपोआप वळायला लागतात, तर तो एक खिळा उपसून स्वतःच्या तळहातात आरपार घालतो, हात अजून थोडा वेळ चालावा म्हणून. त्याच हातानं तो पुढच्या मिनिटाला वरून पडणाऱ्या डेकार्डला धरतो. जो आपल्याला मारायला आला त्यालाच. मग पावसात बसून आपण काय काय बघितलं ते सांगतो आणि हे सगळं आपल्याबरोबर जाणार म्हणतो. ते भाषण लिहिलेलं जास्त लांब होतं, रॉय झालेल्या रुटगर हाउअरनं आदल्या रात्री ते कापून लहान केलं आणि पावसातल्या अश्रूंची ओळ स्वतःची घातली. मास्तरांनी पण इथं मान डोलावली, हे मी बघितलंय, नंतर ते काहीही म्हणू देत.

म्हणून ज्यांना पिक्चर कंटाळवाणा वाटला त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की परत बघाल तेव्हा हिरो म्हणून डेकार्डकडं बघू नका, रॉयकडं बघा, तो पडद्यावर नसेल तेव्हा पण त्याचा किती वेळ उरलाय ते डोक्यात ठेवा. तसं बघितलं की तो संथपणा टोचायला लागतो, कारण आपल्याकडं वेळ आहे आणि त्याच्याकडं नाही.

कसा बघायचा तेही सांगतो. मोबाईलवर नको, निम्मा पिक्चर काळाच दिसेल. खोलीत पूर्ण अंधार, आवाज चांगला, सबटायटल चालू. लहान पोरं असतील तर नको, डोळ्यांत अंगठे घालून मारायचा एक सीन आहे तो मोठ्यांना पण जड जातो. ११७ मिनिटांचा आहे, मधे ब्रेक घेऊ नका. ज्या कादंबरीवर बेतलाय ती फिलिप के. डिकची, १९६८ ची, त्यात आणि पिक्चरमध्ये पुष्कळ फरक आहे, आधी वाचायची गरज नाही. डिक बिचारा मार्च १९८२ मध्ये गेला, पूर्ण पिक्चर त्याला बघायला मिळाला नाही.

माझ्याकडून पाचात साडेचार, तो अर्धा त्या दाराच्या सीनसाठी कापला. बहीण दोन देते, मास्तर अडीच, दोस्त पाच. मामा मार्क द्यायला तयार नाहीत, ते म्हणतात दुसरा भाग कधी लावताय ते सांगा. तो २०१७ चा आहे आणि पावणेतीन तासांच्या जवळपास जातो, तेव्हा त्या दिवशी जरा लवकरच सुरू करावा लागेल.