लो बो हॉकी स्टिक: फॉरवर्डने घ्यावी का?

आज तिघांना चकवून गोल मारणारा आणि पुढच्या सामन्यात साधा पास स्टिकखालून सोडणारा फॉरवर्ड (आघाडीचा खेळाडू) प्रत्येक हॉकी क्लबात एखादा तरी असतो. ज्युनियर गट संपत आलेला, सीनियरची निवड याच मोसमात. आणि नेमका तेव्हाच घरी हट्ट सुरू होतो की मोठे ड्रॅग फ्लिकर (चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलात फेकणारे) वापरतात तसली लो बो, म्हणजे खाली जास्त बाक असलेली, नव्वद टक्क्यांहून जास्त कार्बनची स्टिक हवी. खर्च पालकांचा असतो, म्हणून निकाल आधीच सांगतो: संघाचे पेनल्टी कॉर्नर (बचाव संघाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी) तो मारत नसेल तर घेऊ नका.

खेळायची बाजू खाली करून स्टिक सपाट टेबलावर ठेवली की मधे जी फट दिसते तो बो. एफआयएचच्या (आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या) नियमाप्रमाणे ही फट २५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही आणि तिचा सर्वांत खोल बिंदू हेडच्या, म्हणजे स्टिकच्या खालच्या वळलेल्या भागाच्या, टोकापासून २०० मिमीच्या अलीकडे येता कामा नये. लो बो या दोन्ही मर्यादांना खेटून बनवतात. मिड बोमध्ये तोच बिंदू बराच वर असतो आणि बाक कमी.

ड्रॅग फ्लिकला याचा फायदा खरा आहे, त्यात वाद नाही. चेंडू दांड्यावर खाली, बाकाच्या कुशीत बसतो, पाय पुढे पडेपर्यंत तिथेच राहतो आणि मग हेडकडे घरंगळत सुटतो. तो जितका वेळ स्टिकला चिकटून राहील तितका वेग जास्त. स्कूप आणि एरियललाही (चेंडू हवेत उचलून टाकायला) मदत होते, कारण चेंडूखाली शिरायला आयता कोन मिळतो. फ्लिकरसाठी आमच्याकडून दहापैकी नऊ गुण.

पण भारतीय संघाचे फ्लिकर आठवून पाहा. हरमनप्रीत सिंग, रूपिंदरपाल सिंग, अमित रोहिदास, जुगराज सिंग: सगळे बचावपटू. पॅरिस २०२४ मध्ये हरमनप्रीतने १० गोल केले, ते पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवर (एकट्या गोलकीपरसमोरच्या फटक्यावर). फॉरवर्डचं पोट भरतं ते पहिल्या स्पर्शावर, डिफ्लेक्शनवर (येणाऱ्या चेंडूची नुसती दिशा बदलण्यावर) आणि गर्दीत झटकन मारलेल्या हिटवर. नेमक्या या तीन ठिकाणी लो बो दगा देते.

हिटचंच घ्या. मिड बोवर चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत असला आणि दांडा जवळपास उभा असला तरी फटका जमिनीलगत जातो. लो बोचा दांडा तसाच धरला की बाकामुळे हेडचा चेहरा थोडा आभाळाकडे कलतो आणि चेंडू उचलला जातो. मैदानी खेळात तो कुणाच्या अंगावर गेला की धोकादायक म्हणून शिट्टी. कॉर्नरवर पहिला फटका हिट असेल तर चेंडू ४६० मिमीच्या, म्हणजे बॅकबोर्डच्या उंचीच्या वर गोलरेषा ओलांडू शकत नाही, म्हणून तिथे हक्काचा गोल बाद. उपाय आहे: चेंडू नेहमीपेक्षा थोडा मागे घ्यायचा आणि मारताना हात त्याच्या पुढे ठेवायचे. सरावात हे जमतं. सामन्यात मागून बचावपटू भिडलेला असताना पाय हवे तिथे पडत नाहीत, आणि ज्याचं तंत्र मुळातच दिवसागणिक बदलतं त्याचा चेंडू आज गोलात, उद्या बारवरून. प्रशिक्षक मग ‘डोकं ठिकाणावर नाही’ म्हणतात; अर्धा दोष स्टिकचा असतो.

दुसरी गोष्ट कडकपणाची. जास्त कार्बन म्हणजे जास्त ताकद, पण जोरात आलेला पास अशा स्टिकवरून टणकन उडतो. हात सैल ठेवून स्टिक किंचित मागे घेणाऱ्याच्याच स्टिकवर तो थांबतो. दीड-दोन फूट सुटलेला चेंडू डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) तोंडावर परत मिळत नाही. शिवाय थंडीत चुकीच्या जागी लागलेल्या हिटची झिणझिणी कोपरापर्यंत जाते.

म्हणून अशा खेळाडूसाठी आमची शिफारस: मिड बो, ४० ते ६० टक्के कार्बन, बाकी फायबरग्लास आणि थोडं अरामिड (धक्का शोषणारा धागा). बहुतेक प्रौढांना ३६.५ इंच पुरते, उंच मुलाला ३७.५. वजन ५३० ग्रॅमच्या आसपास. नियमात ७३७ ग्रॅमपर्यंत मुभा आहे, पण तेवढी जड स्टिक घेऊन कुणी ड्रिबल करत नाही.

दुकानात छापील आकड्यांवर जाऊ नका. स्टिक टेबलावर पालथी घाला, पट्टीने खोल बिंदूचं अंतर मोजा. दांड्याकडे बंदुकीच्या नळीसारखं एका डोळ्याने पाहा. काही स्टिका बाजूलाही वाकलेल्या निघतात आणि त्या परत करायच्या. हेडच्या वळणावर नखाने टकटक करत जा. आवाज एकदम बद्द झाला तर आत थर सुटलेला असण्याची शक्यता आहे.

मैदान कुठलं आहे तेही बघा. पिंपरीच्या ध्यानचंद स्टेडियमसारख्या टर्फवर खेळणाऱ्याला काँपोझिट (कार्बन-फायबरग्लासची स्टिक) ठीक. शाळेच्या मुरमाच्या मैदानावर तीच स्टिक रिव्हर्स हिट (स्टिक उलटी करून कडेने मारलेला फटका) मारून मारून कडेला झिजते, रंग जातो, मग धागे उघडे पडतात आणि ओल शिरते. तिथे सरावाला तुतीच्या लाकडाची जालंधरी स्टिक आजही परवडते.

लो बोच हवी असा आग्रह कायम असेल तर मोसम सुरू व्हायच्या निदान सहा आठवडे आधी घ्या. पहिले दोन आठवडे फ्लिक बंद. नुसतं ट्रॅप (चेंडू अडवणं) आणि जमिनीलगत पुश (स्टिक न उगारता ढकललेला पास). नंतर गोलात ४६० मिमी उंचीवर दोरी बांधून धावत्या पासवर हिट. वीसपैकी सोळा दोरीखालून जात नसतील तर सामन्यात जुनीच स्टिक न्या. आणि कुठलीही काँपोझिट मे महिन्यात गाडीच्या डिकीत सोडू नका, उष्णतेने रेझिन मऊ पडतं.